पहाटेचा नमस्कार

थंडीचाही अभिमान कसा बाळगावा, हे निफाड तालुक्यातल्या माणसांकडून शिकावं. डिसेंबर उजाडला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते वर्तमानपत्रात चौकट करून छापून येतं, आणि ज्यांच्या घरी गव्हाचा दाणा पिकत नाही तेही तो आकडा लेकराच्या मार्कांसारखा सांगत फिरतात. 2018 च्या डिसेंबरात तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात येणारा जो तो नाव, वय आणि तक्रार सांगायच्या आधी पारा सांगत होता. एका आजोबांना इतकी धाप लागली होती की शब्दागणिक श्वास तुटत होता, पण ‘महाबळेश्वरलासुद्धा एवढी नाही’ हे वाक्य त्यांनी एका दमात पुरं केलं.

वॉर्डातली थंडी मात्र कुणी मोजत नाही, तिची चौकट येत नाही. मी याच जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. आमच्या पुरुष वॉर्डातल्या उत्तरेकडच्या खिडकीची एक काच बरीच वर्षं फुटलेली आहे. काचेसाठीचं मागणीपत्र कुठल्याशा टेबलावर सुखाने नांदत असावं, कारण ते परत आलेलं नाही आणि काचही आलेली नाही. शेवटी आमच्या वॉर्डबॉय मामांनी एका थंडीत त्या चौकटीवर जुन्या एक्स-रेची फिल्म चिकटपट्टीने बसवून टाकली. तेव्हापासून सूर्य वर आला की खिडकीत कुणाच्या तरी फासळ्या उजळतात. डावीकडे हृदयाची फिकट सावली, मधोमध मणक्यांची उतरंड, आणि त्यामागे दवाखान्याच्या आवारातलं कडुलिंबाचं झाड. हा गृहस्थ कोण, कुठल्या गावचा, बरा होऊन गेला की कसा, काही माहीत नाही. पण उत्तरेचा वारा अडवायला छातीचा कोट करून तो वर्षानुवर्षं उभा आहे, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. नवीन आलेले पेशंट पहिल्या सकाळी त्याच्याकडे जरा दचकून पाहतात. तिसऱ्या दिवसापर्यंत एखादा त्याला हात जोडताना दिसतो. का, ते मी विचारत नाही. आमच्याकडे कशाला हात जोडावेत याचा नियम नाही.

नाईटला असले की मला हमखास नाइटिंगेल बाई आठवतात. शिकत असताना आम्ही सगळ्या जणींनी हातात मेणबत्ती धरून त्यांच्या नावाची शपथ घेतली होती. शपथेपेक्षा बोटांवर गळणारं मेण जास्त लक्षात राहिलं. ती शपथ बाईंनी लिहिलेलीच नाही, हे मला फार उशिरा कळलं. 1893 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर नावाच्या बाईंच्या समितीने ती तयार केली. चित्रात नाइटिंगेल बाईंच्या हाती जो अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा दिवा दाखवतात, तोही खरा नव्हे. खरा होता तो तुर्की घडीचा कंदील, आपल्या आकाशकंदिलाचा लांबचा चुलतभाऊ शोभेल असा. 1854 च्या नोव्हेंबरात बाई 38 जणींना घेऊन इस्तंबूलजवळ स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. पुढे 1859 साली त्यांनी शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं पहिलंच प्रकरण हवा खेळती ठेवण्यावर आणि ऊब राखण्यावर आहे. या दोन गोष्टी एकाच प्रकरणात घालणारी बाई वॉर्डात राहिलेलीच असली पाहिजे, कारण जगातल्या तमाम वॉर्डांमधलं आद्य भांडण हेच: एक नंबर म्हणतो खिडकी उघडा, दोन नंबर म्हणतो लावा. बाई म्हणतात, हवा बाहेरच्यासारखी शुद्ध हवी, पण रोग्याला गारठा लागता कामा नये. सांगायला किती सोपं!

त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून ठेवली आहे. अशक्त रोग्याचे पाय मधून मधून हाताने चाचपून बघावेत, आणि पहाटेच्या सुमारास विशेष लक्ष ठेवावं, कारण आदल्या दिवशीच्या अन्नाची ऊब तेव्हा संपलेली असते आणि गारठा घात करतो तो त्याच वेळी. देवाधर्माबद्दलही त्यांनी पुष्कळ लिहून ठेवलंय म्हणे. मला एवढंच पुरलं.

तर मी पहाटे चारच्या सुमारास पाय चाचपते. लाल ब्लँकेट, त्याच्या आत घरची गोधडी, त्याच्या आत घोंगडी, अशा थरांमधून हात आत सरकवायचा आणि तळव्याला लावायचा. दिवा लावायचा नाही, उगीच झोपमोड नको. आता विचार करा, अर्धवट झोपेत असलेल्या मराठी माणसाच्या पायाला अंधारात कुणीतरी वाकून हात लावला, तर त्याला काय वाटणार? त्याला वाटतं, कुणीतरी पाया पडतंय. मग ज्याच्या त्याच्या संस्कारांप्रमाणे तोंडातून उत्तर येतं. कुणी ‘असू दे, असू दे’ म्हणतं. कुणी ‘कधी आलास?’ विचारतं, आणि तो जो कोणी आलेला नसतो त्याची चौकशी मला करून घ्यावी लागते. सुट्टीत न आलेल्या एका मुलाच्या वतीने मी कितीदा तरी ‘आत्ताच आलो, झोपा तुम्ही’ असं पुटपुटलेली आहे. बायकांच्या वॉर्डात तर आशीर्वादांची नुसती लयलूट. एका थकलेल्या आजींनी डोळे न उघडता मला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा भरघोस आशीर्वाद दिला होता. त्यांच्या उशाशी भिंतीवर कुटुंबनियोजनाचं पोस्टर होतं. त्यातली दोन मुलं आणि आईबाप आमच्याकडे पाहून हसत होते.

नोकरीच्या सुरुवातीला हे आशीर्वाद घ्यावेत की नाही, असा मला प्रश्न पडायचा. नमस्कार न करता आशीर्वाद पदरात पडणं म्हणजे तिकीट न काढता एस.टी.त बसण्यासारखं. पण आता मी बिनदिक्कत घेते. वाकणं खरं असतं, हात लावणं खरं असतं, आणि समोरचा सुखरूप असावा ही इच्छाही खरीच असते. नमस्कारात याहून निराळं काय असतं, मला ठाऊक नाही.

एकाचे पाय मात्र मी कधी विसरणार नाही. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस, न्यूमोनिया होऊन आलेला. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ही मंडळी मराठवाड्यातून, खानदेशातून इकडे येतात आणि ऐन थंडीत उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात. पहिल्या रात्री त्याच्या पायाला हात लावला तर तो ताडकन उठून बसला, पाय पोटाशी घेतले आणि म्हणाला, “नका ताई. पाय लई खराब हायेत.” खराब म्हणजे भेगाळलेले, उसाच्या पाचटाने ओरबाडलेले, टाचेच्या भेगांत काळी माती कायमची घर करून बसलेली. मी म्हटलं, “दादा, मला ते गार आहेत का एवढंच बघायचंय.” त्याने नाइलाजाने एक पाय पुढे केला. दुसऱ्या रात्री चाचपले तर बर्फ! अंगात ताप, आणि पाय असे गार की मी घाबरलेच. नाडी पाहिली, बी.पी. पाहिलं, ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवायला निघाले, तेवढ्यात शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याने तोंडावरचं पांघरूण जरासं खाली केलं आणि फितुरी केली. “सिस्टर, त्यो आत्ताच नळावर पाय धुऊन आलाय. घासून घासून धुतले. म्हनला, ताई हात लावत्यात.”

पौषातल्या पहाटे, आमच्या संडासाबाहेरच्या त्या नळावर, ज्याचं पाणी दातांनाही सोसत नाही. मी त्याला रागवायला गेले आणि शब्दच फुटेना. चहाच्या किटलीत पाणी गरम केलं, फडकं भिजवून पिळलं, पाय पुसले आणि गुंडाळून ठेवले. तो सगळा वेळ छताकडे बघत होता. त्यानंतर रोज रात्री नऊ वाजता मी गरम पाण्याचं टमरेल त्याच्या कॉटखाली ठेवू लागले, आणि तो झोपण्याआधी पाय धुऊ लागला. आमच्यात यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

बोटांचीही गंमत असते. ऑक्सिजन मोजणारं ते चिमट्यासारखं यंत्र कोविडच्या काळात घराघरात पोचलं, त्यामुळे ते काय हे आता सांगावं लागत नाही. पण थंडीत ते रुसतं. बोट गार पडलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडीचे ठोके यंत्राला लागत नाहीत आणि पडद्यावर आकड्याऐवजी नुसत्या रेघा उमटतात. नातेवाईक रेघा पाहून रडायच्या बेतात येतात. अशा वेळी उपाय एकच, पेशंटचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दोन-तीन मिनिटं चोळायचा, धरून ठेवायचा. मग यंत्र राजी होतं आणि आकडा देतं. बघणाऱ्यांना वाटतं, सिस्टर किती मायाळू, हात हातात घेऊन बसल्यात. सिस्टर मनात म्हणत असतात, गरम हो रे बाबा लवकर, सात नंबरचं सलाईन संपत आलंय. पण इतकी वर्षं हे करता करता मला वाटू लागलंय की माणसाचा हात धरून बसायला भाग पाडणारं यंत्र ज्याने कुणी बनवलं, त्याच्याकडून नकळत मोठंच पुण्य घडलं.

शिरेचंही तेच. थंडीत शिरा खोल दडी मारतात. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल हातावर ठेवला की त्या वर येतात, हे शास्त्र. पण सुई टोचण्याआधी माझ्या तोंडून ‘दत्ता, सांभाळ’ निघतं, आणि माझ्याबरोबरची केरळची सिस्टर येशूला ‘ईशोये’ अशी हाक मारते. पहिल्या टोचणीत शीर मिळाली तर श्रेय कुणाचं? टॉवेलचं, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगतो. एकट्या असलो तर वेगळं सांगत असू. तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात जपमाळ असते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझा उपास असतो. पोथी वाचायला सवड नसते, म्हणून घट मांडलेल्या घरून आलेला प्रसाद खाऊन मी तो सोडते. डिसेंबरात ती नर्सिंग स्टेशनवर कागदाची चांदणी टांगते. आमच्या आधीच्या इनचार्ज बाईंनी त्याच खिळ्यावर दिवाळीत कंदील टांगायची प्रथा पाडली होती. कंदील उतरतो, चांदणी चढते, खिळा तोच.

आमच्याकडे खरं देवघर म्हणावं असा एक ड्रॉवर आहे. ऑपरेशनला नेण्याआधी अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. दागिने नातेवाईक सांभाळतात, पण देव सांभाळायला कुणी धजत नाही. ते सिस्टरकडे येतात. ताईत, करगोटा, कमरेचा पीर-बाबाचा दोरा, मरीमातेचं लॉकेट, रुद्राक्ष, खंडोबाचा टाक, मंगळसूत्र. मंगळसूत्र काढायचं म्हटलं की बाईचा चेहरा ऑपरेशनच्या नावाने उतरला नव्हता एवढा उतरतो. मग गळ्यात काळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून तोड काढली जाते. प्रत्येकाचं पाकीट वेगळं, त्यावर नाव आणि कॉट नंबर. रात्री ड्रॉवरला कुलूप घालते तेव्हा आत सगळे दाटीवाटीने असतात, बहुधा एकमेकांच्या उबेने. आजवर तिथून भांडणाचा आवाज आलेला नाही. एक दोरा देताना म्हातारीने विचारलं होतं, “पोरी, कात्री नाही ना लावणार?” नाही लावली. गाठ सोडवायला अर्धा तास लागला, भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले, पण गाठ सोडवली.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आषाढीच्या वारीत पाऊस असतो, इथे थंडी. दिंड्या निघतात, रात्री शाळांच्या व्हरांड्यांत आणि देवळांच्या सभामंडपांत मुक्काम पडतो, आणि ज्यांची छाती साथ देत नाही ते आमच्याकडे येतात. वारकऱ्याला ॲडमिट करून घेणं हे मोठं कौशल्याचं काम. तो कॉटवर आडवा होतो, पण मनाने रस्त्यावरच असतो. “माउली, दोन दिवस थांबा,” म्हटलं की तो म्हणतो, “माउली, एकादशी थांबंल का?” दोघंही एकमेकांना माउली म्हणत असल्यामुळे भांडण रंगत नाही. अशाच एका माउलींनी सही करून जाताना माझ्यापुढे वाकून माझ्या पायांना हात लावला. सत्तरीच्या पुढचा माणूस! मी मागे सरकले. ते शांतपणे म्हणाले, “रोज पहाटे तुम्ही पाया पडायच्या. परतफेड नको का?” म्हणजे माउली जाग्या होत्या तर.

लहान बाळांच्या वॉर्डात तर पाय हेच पंचांग. नवजात बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरता येत नाही. ते थरथरून अंग गरम करू शकत नाही, निमूट गार होत जातं. हाताच्या मागच्या बाजूने पोट पाहायचं, मग तळवे पाहायचे. पोट गरम आणि तळवे गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार असतील तर पळापळ. कमी वजनाच्या बाळाला आमच्याकडे वॉर्मरवर ठेवतात, गावाकडे त्यालाच ‘पेटीत ठेवलंय’ म्हणतात. पण त्याहून साधा उपाय आहे तो कांगारूचा. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेला तो उपाय आता जगभर चालतो.

चालतो खरा, पण जानेवारीत तो आजीच्या गळी उतरवून दाखवा. द्राक्षबागायतदाराच्या घरची एक आजी नातवासाठी दोन स्वेटर, तीन टोपडी, लोकरीचे मोजे आणि ओव्याची पुरचुंडी घेऊन आली होती. शेगडी आणायलाही निघाली होती, ती गेटवर अडवली. आणि आम्ही म्हणतोय, बाळाचे कपडे काढा, डोक्याला टोपी आणि खाली लंगोट एवढंच ठेवा. आजीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या नातवाला माळरानावर टाकायला निघाले आहे. मी आईच्या छातीशी बाळ ठेवलं, वरून शाल लपेटली. आजी कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. तासाभराने मी तिचा हात धरून त्या बाळाच्या तळव्याला लावला. तिने बराच वेळ हात तिथेच ठेवला. मग म्हणाली, “आमचा पोरगा रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतोय, पहाटं ठिबक सोडतोय, घड तडकू नये म्हनून. त्याला सांगते, हितं येऊन बस. ह्याची बी बाग करायची हाये.” आणि तो आला. बागेच्या धुराचा वास असलेला तो दांडगा माणूस सदऱ्याची बटणं सोडून लाकडी खुर्चीत बसला, सव्वा किलोचं लेकरू छातीवर घेऊन, श्वास घ्यायलाही भीत.

आता आभारांचं. डिस्चार्जच्या दिवशी आभारांचा क्रम ठरलेला असतो. पहिले कुलदैवत, मग डॉक्टरांचा हातगुण, मग ज्याने वेळेवर गाडी काढली तो शेजारी. सिस्टरची पाळी बहुतेक दारात येते, पिशव्या उचलताना, “येतो बरं का सिस्टर,” एवढीच. पूर्वी हे मला थोडं लागायचं. आता हिशेब कळलाय. जिने पहाटे पाचला सुई टोचली, पथ्याचं खायला लावलं आणि चोरून आणलेली तंबाखू जप्त केली, तिचे आभार मानायला माणूस आधी पुरता बरा व्हावा लागतो, आणि पुरता बरा झाला की तो घरी असतो. त्यामुळे आमचे आभार उशिरा येतात आणि हंगामाप्रमाणे येतात. जानेवारीत मटारच्या शेंगा, सोलाणा, उसाची मोळी, संक्रांतीला तिळगूळ, फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी. त्या दिवसांत आमच्या नर्सिंग स्टेशनला फिनेल आणि ओल्या हरभऱ्याचा मिळून एक वास येतो. हँडओव्हर देता देता मटार सोलून होतात. ऊसतोडीतला तो माणूस हंगाम संपायच्या दिवसांत, म्हणजे गावी परतताना, येऊन गेला. काही आणलं नव्हतं. वॉर्डात आला, दोन पाय जोडून उभा राहिला, पायांत नवीन कॅनव्हासचे बूट होते. ते मला दिसावेत म्हणून जरा वेळ थांबला, आणि गेला.

तेव्हा थंडीत कुणाला भेटायला दवाखान्यात येणार असाल तर माझं एक ऐका. सफरचंदं आणू नका. ती कॉटखाली सुकतात आणि शेवटी आम्हीच खातो. पायमोजे आणा. लोकरीचे किंवा जाड सुती, सैल इलॅस्टिकचे, कारण सुजलेल्या पायांवर घट्ट मोज्यांचे वळ उठतात. दोन जोड आणा, एक हमखास हरवतो. साखर असलेल्या माणसाच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, त्याला चटका कळत नाही. आणि कॉटवरून उतरताना मोजे काढायला सांगा. आमची फरशी फार गुळगुळीत आहे.